गॅसबत्ती

गॅसबत्ती हा रॉकेलची वाफ करून ती जाळीदार मेंटलमध्ये जाळणारा, हाताने हवा भरून वापरावयाचा दिवा आहे. 'पेट्रोमॅक्स' या जर्मन व्यापारनामानेही तो सर्वत्र ओळखला जातो. मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत त्यास 'गॅसची बत्ती', 'बत्ती' किंवा नुसते 'गॅस' असेही म्हटले जाई. नावात गॅस असला तरी या दिव्यात कोणताही गॅस साठविलेला नसतो. टाकीत द्रव रॉकेल असते, आणि त्याची वाफ दिवा जळत असतानाच, दिव्याच्याच उष्णतेने, एका धातूच्या नळीत तयार होते. त्यामुळे बत्तीच्या बहुतेक तक्रारी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: वाफ पुरेशी होत नाही, किंवा झालेली वाफ मेंटलपर्यंत नीट पोहोचत नाही.

इतिहास

ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख याने १८८५ मध्ये मेंटलचे पहिले एकस्व घेतले. १८९१ च्या सुमारास त्याने सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण निश्चित केले व त्यानंतर मेंटलचा प्रकाश खऱ्या अर्थाने पांढरा व प्रखर झाला. रॉकेल दाबाखाली वाफवून जाळण्याच्या प्रयोगांत आर्थर किटसन याचे नाव अग्रगण्य असून त्याच्या पद्धतीचा सुधारलेला प्रकार १९०१ पासून दीपगृहांत वापरला गेला. स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये सिद्ध केलेला प्रायमस स्टोव्ह याच तत्त्वावर चालतो. महाराष्ट्रातील घराघरांत अनेक दशके फुरफुरणारा पंपाचा पितळी स्टोव्ह हा त्याचाच वंशज होय. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ या कारखान्यातील मॅक्स ग्रेट्झ याने १९१० च्या सुमारास हातात नेता येईल असा दिवा तयार केला. 'पेट्रोलियम' आणि 'मॅक्स' या दोन शब्दांवरून त्यास पेट्रोमॅक्स हे नाव मिळाले.

मेंटलसाठी लागणाऱ्या थोरियमचा भारताशी जवळचा संबंध आहे. त्रावणकोर संस्थानाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूचा शोध १९०९ मध्ये लागला आणि तेथील वाळू उपसण्यामागे प्रारंभी युरोपातील मेंटल उद्योगाची मागणी हेच प्रमुख कारण होते.

महाराष्ट्रात त्याच काळात दुसऱ्या प्रकारचा कंदील घरोघरी पोहोचत होता. कराडजवळच्या ओगलेवाडी येथील ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील हा वातीचा होता. वातीच्या कंदिलात रॉकेल वातीतून चढून ज्योतीच्या मुळाशी वाफ होते; त्यात दाब नाही, नळी नाही आणि बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. गॅसबत्ती त्याच्या कितीतरी पट उजेड देते, परंतु त्या बदल्यात तिला निगा लागते आणि ती पेटविणारा माणूसही जाणकार असावा लागतो.

रचना

बत्तीचा पाया म्हणजे पितळेची, बहुधा निकेलचा मुलामा दिलेली टाकी. मोठ्या, पाचशे मेणबत्ती-शक्तीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बत्तीच्या टाकीत सुमारे १ लिटर रॉकेल मावते व ते साधारणपणे ८ तास पुरते. टाकीला पंप, दाबमापक आणि हवा सोडण्याचा स्क्रू असतो. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो, तर पंपाच्या तळाशी हवा परत येऊ न देणारी झडप असते.

टाकीतून एक पितळी नळी मेंटलच्या शेजारून वर जाते. हिला वाफनळी म्हणता येईल; कारागीर तिला जनरेटर म्हणतात. तिला मध्ये एक वेढा दिलेला असतो, म्हणजे मेंटलच्या आचेत नळीची अधिक लांबी येते. नळीच्या वरच्या टोकाला सूक्ष्म छिद्राचे निपल असते. त्यातून वेगाने निघणारी वाफ आपल्याबरोबर हवा ओढून घेते, वाकड्या मिश्रणनळीतून वळून खाली येते आणि चिनीमातीच्या तोटीला बांधलेल्या मेंटलमध्ये जळते. नळीच्या आतून एक बारीक सळई गेलेली असून तिच्या टोकावर पिन असते. बाहेरची चावी फिरविली की ही पिन निपलच्या छिद्रातून वरखाली होते व छिद्र साफ करते. स्टोव्हला बाहेरून पत्र्याच्या पट्टीची पिन मारावी लागते. बत्तीत ती सोय आतच केलेली असते.

मेंटल म्हणजे क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळविलेली कापडी जाळी होय. पहिल्यांदा पेटविल्यावर कापड जळून जाते आणि मागे ऑक्साइडचा पांढरा, अतिशय ठिसूळ सांगाडा उरतो. प्रकाश ज्योतीचा नसून या तापलेल्या सांगाड्याचा असतो. एकदा जळलेल्या मेंटलला बोट लावले तरी त्याची राख होते, म्हणूनच बत्ती उचलून नेणाऱ्यास ठेच लागणे हा वरातीतला नेहमीचा अनर्थ असे.

वाफ तयार होण्याची क्रिया

रॉकेल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्याचे उकळणे साधारणपणे १५० अंश सेल्सिअसला सुरू होऊन ३०० अंशांच्या आसपास संपते. याचा अर्थ असा की नळी थोडी तापली तर रॉकेलमधील हलका भाग वाफ होतो, जड भाग मात्र थेंबांच्या रूपाने पुढे ढकलला जातो. नळी पूर्ण तापलेली असेल तरच निपलमधून कोरडी, एकसारखी वाफ बाहेर पडते.

पेटविताना ही उष्णता बाहेरून द्यावी लागते. नळीच्या बुडाशी असलेल्या वाटीत स्पिरिट ओतून ते जाळले जाते. स्टोव्हसाठी हेच काम स्पिरिटमध्ये भिजविलेला काकडा करतो. स्पिरिट संपत आले की पंप मारून चावी उघडतात. मेंटल एकदा पेटला की पुढची उष्णता तोच पुरवितो.

बत्तीची सारी गंमत व सारा त्रास या परस्परावलंबनात आहे. वाफ चांगली असेल तर मेंटल तापतो, मेंटल तापला की नळी तापते, नळी तापली की वाफ आणखी चांगली होते. हेच चक्र उलटही फिरते. काही कारणाने वाफ थोडी कमी झाली, तर मेंटल मंदावतो, नळी निवते आणि वाफ आणखी घटते. म्हणून लहानसा दोष असलेली बत्ती मंद उजेडावर स्थिर राहत नाही. ती हळूहळू पिवळी पडत जाते आणि अखेर भडकते किंवा विझते. अशा वेळी अधिक पंप मारण्याची स्वाभाविक प्रवृत्ती होते. दोष हवेच्या गळतीचा असेल तर त्याने तात्पुरता फायदा होतो. परंतु नळी निवालेली असेल तर वाढलेला दाब अधिक द्रव रॉकेल वर ढकलतो, आणि मंद बत्तीचा भडका होतो तो असा.

वाफ कमी पडण्याची कारणे व उपाय

तपासणीचा पहिला प्रश्न उजेडाच्या रंगाचा असतो. उजेड पांढरा पण क्षीण असेल तर वाफ कोरडी आहे, फक्त कमी आहे. उजेड पिवळा असून काजळी धरत असेल तर एकतर वाफेत द्रव थेंब आहेत किंवा तिला हवा पुरत नाही.

पांढऱ्या पण क्षीण उजेडात प्रथम दाबमापक पाहतात. काटा खाली येत असेल आणि पंप मारूनही टिकत नसेल तर हवा कोठून तरी निसटत आहे. टाकीच्या झाकणाचा वॉशर, हवेचा स्क्रू आणि नळी टाकीला मिळते तो सांधा या तीन जागा साबणाच्या पाण्याने तपासतात. बुडबुडे आले की गळती सापडली. ही तपासणी बत्ती विझवून, थंड असतानाच करावी लागते. पंपाचा दांडा हाताला हलका लागत असेल, दाबल्यावर विरोधच जाणवत नसेल, तर चामड्याचा वॉशर वाळला आहे असे समजावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात महिनोन्महिने माळ्यावर पडून राहिलेल्या बत्तीचा हा नित्याचा आजार होय. वॉशर काढून तेलात भिजविला व त्याची कड बोटाने बाहेर पसरविली की तो पुन्हा हवा धरतो. याउलट दांडा आपोआप वर येत असेल किंवा पंपातून रॉकेल डोकावत असेल तर तळाची झडप खराब झाली आहे.

दाब पुरेसा असूनही उजेड कमी असेल तर अडथळा नळीत किंवा निपलमध्ये असतो. चावी एकदा फिरवून पिन वरखाली केल्यावर उजेड लगेच वाढला आणि टिकला, तर छिद्रातील कण निघाला असे समजते. उजेड वाढून काही मिनिटांत पुन्हा पडला तर कण एकटा नाही. नळीच्या आत कोळशाचा थर धरलेला असून त्याचे तुकडे सुटून वर येत आहेत. तापलेल्या नळीत रॉकेलचा काही भाग वाफ न होता विघटन पावतो व त्याचा कार्बन नळीला चिकटतो. हा थर दोन प्रकारे नडतो: तो वाट अरुंद करतो आणि उष्णता आतल्या रॉकेलपर्यंत पोहोचू देत नाही. नळी काढून, सळई बाहेर घेऊन आतून खरवडणे हा तात्पुरता उपाय आहे. थर जुना व कडक झाला असेल तर नळी बदलणेच श्रेयस्कर.

पिन वारंवार मारण्याची सवय हा स्वतंत्र दोष मानावा लागेल. पितळी निपलचे छिद्र पिनेच्या घर्षणाने हळूहळू मोठे व लांबट होते. मग वाफ कमी नव्हे तर जास्त येते, तीही वाकडी. हवेचे प्रमाण बिघडते, मेंटलवर काळे डाग पडतात आणि बत्ती घोरल्यासारखा आवाज करू लागते. दुरुस्ती करणारा अशा वेळी पुन्हा पिनच मारतो आणि छिद्र आणखी वाढते. यावर नवीन निपल बसविण्याखेरीज उपाय नाही. तो भाग स्वस्त असतो, तरी तो सहसा सर्वांत शेवटी बदलला जातो.

उजेड धपधप करत असेल, म्हणजे ठराविक अंतराने वाढत-घटत असेल, तर संशय रॉकेलवर घ्यावा. टाकीच्या तळाशी पाणी असल्यास ते रॉकेलपेक्षा जड असल्याने नळीच्या तोंडाशीच जमते आणि थेंबाथेंबाने वर जाऊन वाफेच्या प्रवाहात खंड पाडते. रॉकेल काचेच्या बाटलीत काही वेळ ठेवले तर पाणी खाली वेगळे दिसते. डिझेल मिसळलेले रॉकेल पाण्याप्रमाणे वेगळे होत नाही, म्हणून ते अधिक फसवे असते. त्याचा जड भाग नेहमीच्या तापमानाला पूर्ण वाफ होत नाही, आणि एका हंगामात नळी बंद पाडण्याइतका कोळसा धरतो. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला जाई तो भेसळीसाठी होणारी त्याची पळवापळवी ओळखता यावी म्हणून. निळ्या रंगाचा आणि ज्वलनाच्या गुणवत्तेचा संबंध नाही.

पिवळा उजेड आणि काजळी हे लक्षण पेटविल्यावर लगेच दिसले तर बहुतेक वेळा कारण एकच असते: स्पिरिट कमी घातले गेले किंवा ते जळून संपण्याआधीच चावी उघडली. थंडीत व वाऱ्यावर एक वाटी स्पिरिट अपुरे पडते. अशा वेळी चावी बंद करून, हवा सोडून, बत्ती निवू द्यावी व पुन्हा पहिल्यापासून पेटवावी. नळी नव्याने तापविल्यावाचून केवळ दाबावर भडका निवत नाही. हेच लक्षण चांगल्या चालणाऱ्या बत्तीत मधूनच उद्भवले तर हवेची वाट पाहावी. बंद बत्तीच्या मिश्रणनळीत कोळी जाळे विणतात, किड्यांची अंडी व धूळ साठते. हवा कमी पडली की वाफ कितीही चांगली असली तरी ज्योत पिवळी होते. दोष वाफेचा समजून नळी व निपल दोन्ही बदलली गेली आणि अखेर झाडूच्या काडीने जाळे काढल्यावर बत्ती लख्ख झाली, अशी उदाहरणे दुरुस्तीच्या धंद्यात नवी नाहीत.

मेंटल फाटलेला असेल तर बाकी सारे व्यवस्थित असूनही उजेड पडतो, कारण भोकातून ज्योत बाहेर येते आणि नळीकडे जाणारी आच कमी होते. भोकातून निघालेली ज्योत थेट काचेवर आदळल्यास काचही तडकते.

फलटणचा नूरी कंदील

गॅसबत्तीच्या दोषांचा शास्त्रीय पद्धतीने विचार करून नवी रचना करण्याचे उल्लेखनीय काम सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झाले. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत (नारी) अभियंते अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिकेतून परतून रुजू झाले. गोड ज्वारीपासून इथेनॉल तयार करून ते ग्रामीण घरांत दिव्यासाठी व स्वयंपाकासाठी वापरता येईल का, हा त्यांच्या संशोधनाचा एक विषय होता.

इथेनॉल जुन्या बत्तीत तसेच ओतून चालत नाही, आणि याचे कारण वाफेतच आहे. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे रॉकेलपेक्षा बरेच आधी; त्यामुळे ते सोपे असावे असे वाटते. परंतु १ किलो इथेनॉलची वाफ करण्यास सुमारे ८४० किलोज्यूल उष्णता लागते, तर रॉकेलला सुमारे २५० किलोज्यूल पुरते. शिवाय जळल्यावर इथेनॉल किलोमागे सुमारे २७ मेगाज्यूल, तर रॉकेल सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा देते. म्हणजे नळीला तिपटीहून अधिक उष्णता हवी आणि मेंटलकडून ती कमी मिळणार. रॉकेलसाठी बेतलेली नळी येथे अपुरी पडते व वाफ मंदावते.

या अभ्यासातून 'नूरी' हा कंदील तयार झाला. तो रॉकेल, डिझेल आणि इथेनॉल अशा वेगवेगळ्या इंधनांवर चालतो, नेहमीच्या बत्तीसारखा फुरफुरत नाही आणि त्याचा प्रकाश सुमारे १३०० ल्युमेन, म्हणजे १०० वॅटच्या साध्या विजेच्या दिव्याच्या जवळपास असतो. पुढे संस्थेने दिवा आणि चूल एकत्र असलेला 'लॅनस्टोव्ह' विकसित केला. दिव्यातून एरवी वाया जाणारी उष्णता त्यात स्वयंपाकासाठी वापरली जाते. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला.

मराठवाड्यातील वापर

लातूर जिल्ह्यातील देवणी, उदगीर आणि निलंगा हा कर्नाटकास लागून असलेला पट्टा, तसेच शेजारचा नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. वीज गावोगावी पोहोचण्यापूर्वी रात्रीचे सार्वजनिक जीवन बत्तीवरच अवलंबून असे. सप्ताहातील कीर्तन, तमाशाचा फड, लग्नाची वरात, पंचायतीची बैठक, रात्रीची मळणी या सर्वांसाठी बत्ती लागे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा किंवा देवणी जातीच्या बैलांचे बाजार अशा ठिकाणी दुकानांची रांग दुरून दिसे ती बत्त्यांमुळे. सामान्य घरात बत्ती नसे. ती भाड्याने मिळे, आणि पेटवून देणारा बत्तीवाला बरोबर येई किंवा येत नसे. न आल्यास मंडपात जो कोणी 'पिन मारू शकतो' असे म्हणे त्याच्या हाती ती जाई.

वरातीत बत्त्या डोक्यावर घेऊन चालणारी माणसे मजुरीने लावली जात, त्यांत भूमिहीन कुटुंबांतील स्त्रिया व मुलेही असत. डोक्यावर रॉकेलने भरलेली तापलेली टाकी, वर काच आणि सतत फुरफुर, अशा स्थितीत तासन्‌तास चालावे लागे. वाफ बिघडून भडका झाला तर तो थेट त्या डोक्यावर होई. वरातीच्या वर्णनांत बत्त्यांच्या रोषणाईचा उल्लेख आवर्जून येतो, ती वाहणाऱ्यांचा फारच क्वचित. पुढे बत्तीची जागा जनरेटरला जोडलेल्या ट्यूबलाइटच्या झाडांनी घेतली, तरी ती डोक्यावर वाहणारी माणसे तीच राहिली.

२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन होते, तेव्हा माळ्यावरच्या अनेक बत्त्या पुन्हा खाली आल्या. त्यानंतर स्वस्त एलईडी दिवे व चार्जिंगच्या बॅटऱ्या आल्या, रेशनवरील रॉकेलचा कोटा घटत गेला आणि निपल, मेंटल व वॉशर ठेवणारी दुकानेही कमी झाली.

तत्सम उपकरणे

तापलेल्या भागावर द्रव आणून त्याची वाफ करणे हे तत्त्व पंपाच्या स्टोव्हपासून विजेवर चालणाऱ्या डास-प्रतिबंधक यंत्रापर्यंत अनेक ठिकाणी आढळते. इलेक्ट्रॉनिक सिगारेटमधील तारेचे वेटोळेही याच प्रकारचे असते. तेथे कापसाची वात द्रव आणते आणि बॅटरी तार तापविते. तेथील बिघाड मात्र बत्तीच्या उलट दिशेने वाढतो. बत्तीत वाफ घटली की उष्णताही घटते, तर बॅटरीवरील वेटोळ्यात वात सुकून वाफ घटली तरी वीज वाहतच राहते आणि तार अधिक तापते. अशा अतितापलेल्या द्रवातून फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. भारतात इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

धोके

बत्तीत पेट्रोल किंवा पेट्रोलमिश्रित रॉकेल घालणे प्राणघातक ठरते. पेट्रोल टाकीतच वाफ होऊ लागते व दाब आटोक्यात राहत नाही. जळत्या अथवा गरम बत्तीत रॉकेल भरणे, हवा न सोडता झाकण उघडणे, आणि वाटीतील स्पिरिट अजून जळत असताना त्यात बाटलीतून आणखी ओतणे ही भाजण्याची नेहमीची कारणे आहेत. बंद खोलीत बत्ती रात्रभर जळत ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि काजळी धरणारी बत्ती तो अधिक प्रमाणात सोडते. जुन्या प्रकारच्या मेंटलमधील थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचा बाहेरून होणारा परिणाम नगण्य असला तरी फुटलेल्या मेंटलची पूड श्वासात किंवा पोटात जाऊ देऊ नये. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी व नंतर हात धुवावेत. अलीकडे अनेक उत्पादक थोरियमऐवजी यिट्रियम वापरतात.